वारा पडला, मग पाणी आलं

ह्यूस्टनच्या हॉस्पिटलांत जून उजाडला की दोन याद्या लागतात. एक राइड-आउट टीमची, दुसरी रिकव्हरी टीमची. हरिकेन येतंय म्हटलं की राइड-आउटवाल्यांनी कपडे, गोळ्या, टूथब्रश घेऊन हॉस्पिटलात मुक्कामाला यायचं आणि वादळ ओसरेपर्यंत तिथेच राहायचं. रस्ते मोकळे झाले की रिकव्हरीवाले येऊन त्यांना सोडवणार. ज्यांची मुलं लहान ते रिकव्हरीत नाव यावं म्हणून धडपडतात. माझा मुलगा २०१७ साली कॉलेजात होता, त्यामुळे मी बिनतक्रार राइड-आउटमध्ये. काम डायलिसिस नर्सचं. शिकले परळला, पण हातात मशीन आलं ते टेक्सासातच.

त्या वर्षीच्या हार्वे वादळाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १७ ऑगस्टला ते कॅरिबियन बेटांच्या पूर्वेला तयार झालं, बार्बाडोसवरून पुढे सरकलं आणि दोन दिवसांत समुद्रातच विरून गेलं. २१ तारखेला अमेरिकाभर खग्रास सूर्यग्रहणाची धूम होती; काळे चष्मे कुठे मिळतात एवढीच चर्चा. हार्वेचे उरलेसुरले ढग युकातान ओलांडून मेक्सिकोच्या आखातात उतरले, आणि तिथल्या कोमट पाण्यावर २३ तारखेला, बुधवारी, त्याने पुन्हा जीव धरला. शुक्रवारी ते कॅटेगरी चारचं हरिकेन होतं. संपलं म्हणून सोडून दिलेलं वादळ तिसऱ्या दिवशी असं अंगावर येतं हे आमच्यातल्या जुन्या लोकांनीही फारसं पाहिलं नव्हतं.

डायलिसिसचे पेशंट दोन गटांत येतात. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले आणि मंगळवार-गुरुवार-शनिवारवाले. ज्यांच्या किडन्या पूर्ण बंद आहेत त्यांच्या अंगात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं, ते दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर काढावं लागतं. एक खेप चुकली तर माणूस तग धरतो. दोन चुकल्या की आम्हाला घोर लागतो. फुप्फुसांत पाणी भरतं, आणि पोटॅशियम वाढलं तर हृदय काही सूचना न देता थांबतं. म्हणून गुरुवारी-शुक्रवारी शहरातल्या केंद्रांमध्ये होता होईल तेवढ्यांना आधीच बोलावून घेतलं. बरेच आले. काहींनी सांगितलं, ‘वादळ तर रॉकपोर्टला धडकतंय, आपल्यापासून अडीचशे किलोमीटर लांब. शनिवारी येतो की.’

त्या शुक्रवारी, २५ ऑगस्टला, गणेश चतुर्थी होती. आमच्याकडे दीड दिवसाचा. मी सकाळी प्रतिष्ठापना केली, मोदक डब्यात घातले आणि दुपारी बॅग उचलून ड्यूटीवर आले. रात्री दहाच्या सुमारास हार्वे रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं. वाऱ्याचा वेग ताशी २१० किलोमीटर. आम्ही टीव्हीवर उडालेली छपरं पाहिली, हळहळलो, आणि खरं सांगायचं तर सुटलो असं वाटून झोपायला गेलो.

शनिवारी दिवसा ह्यूस्टनमध्ये बराच वेळ उघडीप होती. नवऱ्याने घरी बादलीत विसर्जन केलं आणि फोटो पाठवला. दुपारनंतर बातमी आली की हार्वेचा जोर कमी झाला, आता ते हरिकेन राहिलं नाही, नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म. त्या रात्री लास व्हेगसला मेवेदर आणि मॅकग्रेगरची मोठी बॉक्सिंगची झुंज होती. लोक ती बघायला मित्रांकडे, बारमध्ये गेले. कॅटेगरीचा आकडा फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. पाऊस किती पडणार आणि वादळ किती वेळ मुक्काम ठोकणार, याचं त्यात अक्षरही नसतं. इथल्या माणसाला हे शाळेपासून माहीत असतं, तरी आकडा उतरला की छातीवरचं दडपण उतरतंच.

हार्वे पुढे सरकलंच नाही. दोन बाजूंच्या उच्च दाबाच्या क्षेत्रांच्या मध्ये ते अडकलं आणि त्याला ढकलणारा वारा उरला नाही. किनाऱ्याच्या आत जागच्या जागी घुटमळायचं, आखातातून बाष्प ओढायचं आणि आमच्यावर ओतायचं, एवढाच त्याचा उद्योग. शनिवारी रात्री नऊ-दहानंतर जो पाऊस सुरू झाला त्याला मुंबईच्या मुलीनेही दाद द्यावी. मुंबईचं गटार भरतं तेव्हा निदान ओहोटीची वाट बघता येते. ह्यूस्टन परातीसारखं सपाट, खाली चिकणमाती, वर काँक्रीट, आणि पाणी वाहून न्यायला बायू म्हणतात ते संथ ओढे. हवामान खात्याला पावसाच्या नकाशासाठी जांभळ्याच्या दोन नव्या छटा घालाव्या लागल्या, कारण जुने रंग पुरेनात.

रविवारी सकाळी सातव्या मजल्यावरून खाली पाहिलं तर रस्ता नव्हता. मेडिकल सेंटरला लागून ब्रेज बायू आहे. तो कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो ते सिग्नलच्या खांबांवरून ओळखायचं. आमचे पूरदरवाजे रात्रीच लावले होते. पाणबुडीला असतात तसले जाड पोलादी दरवाजे, २००१ च्या ॲलिसननंतर बसवलेले. ॲलिसनही नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्मच होतं. तेव्हा तळघरांत आणि भुयारी वाटांमध्ये पाणी शिरलं, वीज गेली, जनरेटरही बंद पडले, आणि पेशंटना काळोखात जिन्यांवरून हातांनी उतरवावं लागलं. आमच्यातली एक जुनी नर्स त्या रात्री पेशंटला हाताने श्वास देत अख्खा जिना उतरली होती. रविवारी सकाळी ती कॉफी पीत शांतपणे म्हणाली, ‘या वेळी दिवे आहेत ना? मग गप्प कामाला लागा.’

काम म्हणजे फोन. बाहेरची बहुतेक केंद्रं बंद. त्यांचे पेशंट कुठे जाणार? आमच्याकडे किंवा आमच्यासारख्या दोन-चार ठिकाणी. हातात आलेल्या यादीतलं एकेक नाव घेऊन विचारायचं: शेवटचं डायलिसिस कधी झालं, दम लागतो का, आडवं झोपता येतं का, घरात खायला काय आहे. कोणी पोटमाळ्यावरून बोलत होतं. आणीबाणीचा ९११ नंबर लागत नव्हता. त्याच पहाटे पोलिसांचा साठ वर्षांचा एक सार्जंट ड्यूटीवर पोहोचायला वाट शोधत अडीच तास हिंडला आणि एका अंडरपासखालच्या पाण्यात बुडाला. ग्रीन्स बायूमध्ये एक व्हॅन वाहून गेली. आत चार मुलं आणि त्यांचे पणजी-पणजोबा होते. हे आम्हाला नंतर कळलं, पण यादीतल्या माणसाला ‘गाडी काढा आणि या’ असं कोणाच्या तोंडून निघत नव्हतं. महापौरांनी शहर रिकामं करायचा हुकूम दिला नाही म्हणून पुढे पुष्कळ टीका झाली. २००५ साली रिटा हरिकेनच्या वेळी पळून जाताना महामार्गांवरच शंभराच्या आसपास माणसं गेली होती. त्या रविवारी लाखो गाड्या रस्त्यावर असत्या तर काय झालं असतं, याचा विचार टीका करणाऱ्यांनी करावा.

सोमवारी रांग लागली. लोक बोटीतून, सैन्याच्या उंच ट्रकमधून, कोणी शेजाऱ्याच्या डंपरमधून आले. गंमत अशी की शहर पाण्याखाली आणि आमची काळजी पाण्याचीच. डायलिसिसच्या मशीनमधून दर मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहतो. चार तासांचे झाले १२० लिटर, आणि आरओमधून गाळताना वाया जातं ते वेगळं. पुराचं पाणी इथे कवडीच्या उपयोगाचं नाही. नळ चालू होते तोवर ठीक, पण ते कधी जातील याचा भरवसा नव्हता. म्हणून चार तासांऐवजी दोन. पोटॅशियम उतरवायचं, दम कमी करायचा, माणूस दोन दिवस तरेल एवढं करायचं आणि खुर्ची पुढच्याला द्यायची. रात्री त्याच खुर्च्या पाडून आम्ही आळीपाळीने झोपायचो.

मंगळवारी सकाळी एका बाईंना आणलं. सत्तरीच्या, शहराच्या ईशान्येला राहणाऱ्या, गुरुवारी शेवटचं डायलिसिस झालेल्या. शनिवारचं बुडालं होतं. अंगावर कोणाचा तरी मोठा रेनकोट, पाय सुजून बुटात मावत नव्हते. आडवं केलं की गुदमरायच्या, म्हणून बसवूनच ठेवलं. डावा हात मात्र त्यांनी डोक्यावर धरलेला आणि तो खांद्यापर्यंत कचऱ्याच्या काळ्या पिशवीत, वर चिकटपट्टीचे वेढे. त्या हाताला फिस्टुला होता, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि रोहिणी जोडलेली. घरात कमरेएवढं पाणी, त्यात गटाराची घाण, तेल, काय काय. बाई रविवारपासून तो हात कोरडा ठेवून होत्या. मी कात्रीने पिशवी कापली. आतली कातडी घामाने पांढरी पडली होती, पण स्वच्छ. बोटं ठेवली तर खाली थरथर लागली, जोरकस. ‘चालू आहे ना, बेबी?’ त्यांनी विचारलं. चालू होता.

पोटॅशियम ७.४ निघालं, जिवावर बेतेल एवढं. ईसीजीवरचे टोकदार उंचवटे बघून डॉक्टरांनी कॅल्शियम सांगितलं तोवर मी सुई घातली होती. दोन तासांनी बाईंना वाक्य पूर्ण करता यायला लागलं. पहिलं पूर्ण वाक्य त्यांनी मुलाला सुनावलं, कारण त्याने डब्यातलं सूप दिलं होतं आणि ते सूप म्हणजे निव्वळ मीठ. ‘तहानेने जीव गेला माझा,’ म्हणाल्या, ‘चहूकडे पाणी आणि मी बर्फाचा एक तुकडा चघळत बसलेले.’

त्याच दिवशी मुंबईही बुडाली. २९ ऑगस्ट. मी बहिणीला फोन करायला मोबाइल हातात घेतला तर तिचाच आला, मी बरी आहे का विचारायला, आणि ती स्वतः परळला अडकलेली. तिथे एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. दोन्हीकडून ‘तू बाहेर पडू नकोस’ एवढंच बोलणं झालं.

इकडे सोमवारी पहाटेपासून ॲडिक्स आणि बार्कर धरणांचे दरवाजे उघडले होते. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर शहराच्या रक्षणासाठी बांधलेली ही धरणं एरवी कोरडीच असतात. मागच्या बाजूला पाणी तुंबून घरं बुडाली, सोडलं तर बफेलो बायूच्या काठची बुडाली. बुधवारी लख्ख ऊन पडलं आणि तरी तिथलं पाणी उतरेना. हार्वे तोवर आखातात परत जाऊन लुइझियानात शिरलं होतं. जाताना टेक्सासातल्या नेदरलँड नावाच्या गावात पावसाचा आकडा १५३९ मिलिमीटर लावून गेलं, अमेरिकेतल्या कुठल्याही वादळाचा सर्वांत मोठा.

रिकव्हरीवाले आले तरी यादी संपली नव्हती. कन्व्हेन्शन सेंटरमध्ये दहा हजारांवर माणसं आसऱ्याला होती, तिथे आम्ही माणूस पाठवला. आमचा एक पेशंट सापडला, कॉटवर बसलेला, स्वयंसेवकांनी प्रेमाने दिलेलं केळं आणि संत्र्याचा रस पुढ्यात. दोन्ही पोटॅशियमचे कारखाने. ‘देणाऱ्या पोरीला नाही म्हणवेना,’ म्हणाला. खाल्लं मात्र नव्हतं.

दुसऱ्या एकाचा फोन शेवटपर्यंत लागला नाही. एकटा राहायचा, दुसऱ्या मजल्यावर. शनिवारची खेप बुडालेली. गुरुवारी पुतणी दार उघडून आत गेली तेव्हा तो खुर्चीत होता. घरात पाण्याचा थेंबही शिरला नव्हता, जिनादेखील कोरडा. खालचा रस्ता तेवढा छातीएवढा भरला होता. दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं.

पुढच्या वर्षी राष्ट्रीय हरिकेन केंद्राचा अहवाल आला. थेट मृत्यू ६८, सगळे टेक्सासातले, तिघे वगळता सगळे पावसाच्या पुराने. अप्रत्यक्ष सुमारे ३५: विजेचा धक्का, गाड्यांचे अपघात, आणि आवश्यक वैद्यकीय सेवेपासून तुटणं. त्या ३५ मध्ये आमचा माणूस धरला की नाही, पुतणीने विचारलं. मी तिला दाखला देणाऱ्या कार्यालयाचा नंबर शोधून दिला.

आता जूनमध्ये पेशंटकडून आणीबाणीचा फॉर्म भरून घेताना मी दोन प्रश्न जास्तीचे विचारते. घरात नाही, घरासमोरच्या रस्त्यावर पाणी कधी साचतं? आणि त्या दिवशी तुम्हाला न्यायला कोणाची गाडी उंच आहे? मागे एका आजोबांनी पहिल्या प्रश्नापुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘कुत्रा शिंकला तरी’, आणि दुसऱ्यापुढे जावयाच्या ट्रकचं मॉडेल, टायरच्या मापासकट.