मेपलच्या पानांचा संग्रह : अडतीसपैकी एकतीस

या दिवाळीनंतर मोजदाद केली, तेव्हा कॅनडाच्या एक औंस चांदीच्या ‘मेपल लीफ’ नाण्यांपैकी १९८८ ते २०२५ या अडतीस वर्षांतली एकतीस नाणी माझ्या डब्यात भरली. उरलेल्या सातांपैकी पाच १९९१ ते १९९७ या काळातली आहेत आणि खरी अडचण तीच आहे.

सुरुवातीला मी देशोदेशीची राष्ट्रचिन्हे जमवत होतो : अमेरिकेचा गरुड, ब्रिटनची त्रिशूळधारी ब्रिटानिया, मेक्सिकोचा निवडुंगावर बसून साप खाणारा गरुड, ऑस्ट्रेलियाचे कांगारू. त्यातून कपाटात गर्दी झाली, पण माळ कुठलीच पुरी होईना, म्हणून तीन वर्षांपूर्वी एकाच चिन्हापुरते थांबायचे ठरवले. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागात राहत असल्यामुळे मेपल लीफ हाताशी होते आणि त्यात व्यवहारही होता, कारण कॅनडात ९९.९ टक्के किंवा त्याहून शुद्ध गुंतवणुकीच्या चांदीवर विक्रीकर लागत नाही. मेपल लीफ पहिल्या वर्षापासून ९९.९९ टक्के शुद्ध आहे, तर २०१३ पूर्वीची ब्रिटानिया ९५.८ टक्क्यांची असल्याने ओंटारिओत तिच्यावर १३ टक्के कर पडतो.

१५ फेब्रुवारी १९६५ रोजी कॅनडाच्या ध्वजावर आलेले पान अकरा टोकांचे आणि सपाट आहे. नाण्यावरचे वॉल्टर ऑट यांनी रेखाटलेले पान मात्र शिरांसकट, देठासकट, नुकते झाडावरून तोडल्यासारखे दिसते आणि इतक्या वर्षांत ते बदललेले नाही. बदलत गेली ती दुसरी बाजू. १९८८ आणि १९८९ या दोनच वर्षांच्या नाण्यांवर आर्नल्ड मॅशिन यांनी घडवलेली तरुण राणी एलिझाबेथ आहे. १९९० पासून डोरा दे पेडेरी-हंट यांची प्रौढ राणी येते, २००४ पासून सुझाना ब्लंट यांची मुकुट नसलेली वृद्ध राणी येते, २०२३ च्या नाण्यावर त्याच चेहऱ्यासोबत १९५२ आणि २०२२ ही साले कोरलेली आहेत, आणि २०२४ पासून राजा चार्ल्स आहे. नाणी सालाप्रमाणे ओळीने मांडली की एक बाई म्हातारी होत जाताना दिसते आणि पान तसेच राहते. मला या मालिकेचे वेड लागले ते यामुळेच.

गेल्या वर्षी आई दिवाळीला इकडे आली होती. तिने डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, “अरे, ही पण राणीछापच की!” आमच्या आजीच्या पेटीतले व्हिक्टोरियाचे राणीछाप रुपये ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे जुन्या मापाने बरोबर एक तोळ्याचे होते. हा औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे तीन औंसांचे आठ तोळे होतात, हा हिशेब तिला पटकन पटला. पुढचे मात्र मी पाहायला हवे होते. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तिने १९८९ चे नाणे पांढऱ्या दंतमंजनाने लख्ख घासून ताम्हनात ठेवले होते. आरशासारख्या भागावर आता केसाएवढ्या बारीक रेघांचे वर्तुळ उमटले आहे. ते नाणे मी बदललेले नाही, बदलणारही नाही.

या मालिकेचा खरा शत्रू म्हणजे दुधाळ डाग. नाणे पाडण्यापूर्वी चांदीच्या कोऱ्या चकत्या धुतात आणि तापवतात. त्यात धुण्याच्या द्रावणाचा अंश राहिला तर तो पृष्ठभागावर भाजला जातो आणि कित्येक महिन्यांनी पांढरा ठिपका होऊन वर येतो. २०१८ पासून टांकसाळ ‘मिंटशील्ड’ नावाची प्रक्रिया वापरते आणि माझ्या त्यानंतरच्या आठही नाण्यांवर अद्याप एकही ठिपका नाही. आधीच्या तेविसांपैकी नऊ डागाळलेली आहेत. हे डाग अॅसिटोनने जात नाहीत. अॅसिटोन कामी आले ते १९९३ च्या नाण्यासाठी : एका विक्रेत्याने ते मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात दिले होते आणि वर्षभरात कडेला हिरवट चिकट थर जमला होता. शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता, हवेवर वाळवल्यावर तो गेला. आता सर्व नाणी ३८ मिलिमीटरच्या कडक कॅप्सूलमध्ये आहेत.

जुने नाणे घेताना ते खरे आहे का हे पाहायला मी नुसत्या वजनावर भागवत नाही. २०१४ पासूनच्या नाण्यांवर किरणांसारख्या बारीक रेषा असतात, पुढे सूक्ष्म पानात सालाचे शेवटचे दोन अंकही आले, पण नव्वदच्या दशकातल्या नाण्यांवर यातले काहीच नाही. म्हणून पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणतो आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला टेकू न देता पूर्ण बुडवतो. काटा तेव्हा नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन दाखवतो. चांदीची घनता पाण्याच्या १०.४९ पट असल्यामुळे काट्याने २.९६ किंवा २.९७ ग्रॅम दाखवले पाहिजेत; तितक्याच वजनाचे मुलामा दिलेले पितळ साडेतीनच्या पुढे जाते. नाण्याला बुडबुडा चिकटला असेल तर आकडा वाढतो, तेव्हा आधी हलकेच झटकून घ्यावे.

राहता राहिले १९९७. त्या साली सुमारे एक लाखच नाणी पाडली गेली, ती या मालिकेतली सर्वांत कमी संख्या आहे. गेल्या महिन्यात एक समोर आले होते, पण राणीच्या गालावरच डाग होता आणि विक्रेता पाण्यात बुडवू देईना. मी ते परत केले. त्या सालाची कॅप्सूल डब्यात चिठ्ठी लावून रिकामी ठेवली आहे.