आईच्या खोलीचा पडदा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिला खिडकीची खोली दिली, कारण तिथून पुण्यातली वेताळ टेकडी दिसते. दिवसभर पलंगावर बसायचं तर निदान समोर टेकडी असावी एवढंच डोक्यात होतं. पण समोरच्या बिल्डिंगचं काम तोवर पूर्ण झालं होतं आणि लोक राहायला आले होते, चाळीसेक फुटांवर त्यांच्या गॅलऱ्या, आणि आईला पाय लांब करून व्यायाम करायचा असतो, गाऊनवर असते, तिला फार अवघडल्यासारखं व्हायचं. मग ती दिवसाढवळ्या जाड पडदा ओढून ट्यूबलाइट लावून बसायची. टेकडी समोर असून न बघता. मला ते बघवायचं नाही.

आधी मी पातळ पांढरा पडदा लावला, दुकानात त्याला शिअर म्हणतात. दिवसा मस्त, उजेड येतो आणि बाहेरून काही दिसत नाही. संध्याकाळी दिवा लावला आणि सहज गॅलरीत जाऊन वळून बघितलं तर आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं, पलंग, आई, औषधांचा डबा सगळं. म्हणजे बाहेर उजेड जास्त असेल तोवरच तो पडदा तुम्हाला झाकतो, रात्री उलटं होतं. काचेला लावायच्या आरशासारख्या फिल्मचंही हेच, दिवसा बाहेरच्याला आरसा आणि रात्री दिवा लागला की आतल्याला. हे दुकानात कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय, घ्यायच्या आधी रात्री दिवा लावून बाहेरून एकदा बघाच.

मग मला आजोळचा वाईचा वाडा आठवला. तिथल्या खिडक्यांना चार झडपा होत्या, दोन खाली दोन वर. रस्त्यावरून जाणारे आत बघू नयेत म्हणून खालच्या लावलेल्या आणि वरच्या दिवसभर उघड्या, उजेड वारा वरून यायचा. आजी म्हणायची, "खालची लाव गं, वरची राहू दे." आपण आता सहा फुटी सरकत्या काचा लावतो आणि एकच पडदा वरपासून खालपर्यंत, मग एक तर सगळं उघडं नाहीतर सगळं बंद. आजीकडे मधलं काहीतरी होतं.

म्हणून टेप घेऊन बसले. आमच्या खिडकीचा कट्टा जमिनीपासून अडीच फुटांवर, आई पलंगावर ताठ बसली की तिचे डोळे साधारण चार फुटांवर येतात. म्हणजे पडदा पावणेचार फुटांपर्यंत आला की बसलेल्या आईला टेकडी दिसते पण तिचे पाय, पलंग काही दिसत नाही. खालून जेमतेम सव्वा फूट कापड! खिळा न ठोकता दोन्ही बाजूंना दाबून बसतो तो स्प्रिंगचा रॉड आणला, कॉटनचं कापड लक्ष्मी रोडवरून, खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट, त्याहून कमी घेतलं तर चुण्या पडत नाहीत आणि चादर टांगल्यासारखं दिसतं. वरच्या मजल्यांवरून मात्र अजून दिसत होतं, त्यावर उपाय असा निघाला की पलंग खिडकीपासून लांब नाही, उलट अगदी भिंतीला चिकटवायचा, म्हणजे वरून येणारी नजर पडद्यावरून पलंगाच्या पलीकडे जमिनीवर पडते. मला आधी उलटंच वाटलं होतं. रात्रीसाठी बाहेरच्या रॉडवर जुना जाड पडदा आहेच, दिवा लावला की तो ओढायचा.

हॉलची खिडकी पश्चिमेला, तिथे प्रायव्हसीचा प्रश्न नाही, उन्हाचा आहे. चारनंतरचं ऊन इतकं खाली येतं की छज्जा काही उपयोगाचा नाही. आतून पडदा लावून खोली तापायची थांबत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोलीला देतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर. म्हणून गॅलरीत बांबूची चिक टाकली, फटींतून बाहेरचं दिसतंही. फरक एका दिवसात कळला.

आणि उत्तरेची खिडकी म्हणजे ऊनच नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पुणे साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांशावर, सूर्य उत्तरेकडे 23.5 पर्यंत जातो, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या उत्तरेला असतो. आमच्या बेडरूममध्ये मेच्या शेवटी सकाळी सहालाच डोळ्यावर ऊन यायचं, मला कळेचना कुठून. तिथे ब्लॅकआऊट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारा पडदा लावला, पण रॉड खिडकीहून दोन्ही बाजूंना सहा सहा इंच जास्त ठेवला, नाहीतर कडेने उजेड येतोच. स्वयंपाकघरात पडदा नाहीच, फोडणीचं तेल बसतं त्याच्यावर, खालच्या काचेला दुधी फिल्म लावली आणि वरची मोकळी. लहान मूल असेल तर दोरीच्या फासवाले ब्लाइंड घेऊ नका, गळ्यात अडकू शकतात, ती दोरी उंच बांधायची सोय तरी बघा.

आई आता सकाळी चहा घेऊन तिकडेच बसते. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तिच्याच वयाच्या निघाल्या, त्या तुळशीला पाणी घालायला आल्या की दोघी हात करतात, कारण पडद्यावरून आईचा चेहरा तेवढा दिसतो. मोर ओरडला की मला हाक मारते, दिसत नाही पण ऐकू येतो म्हणते.

चिक तेवढी एक काळजी आहे. पावसात ती ओली राहून बुरशी धरते, गेल्या जूनमध्ये खालच्या पट्ट्या काळ्या पडल्या, यंदा पहिल्या पावसाआधीच काढून, पुसून, जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवणार आहे. कोकणात राहणारे कोणी बांबूच्या चिका वर्षभर ठेवत असतील तर काय लावता त्याला, जरूर सांगा.