आमची वाटचाल: पेन ड्राईव्ह ते बिल्ड नंबर

कोल्हापुरात राजारामपुरीत एका खोलीत दोन कॉम्प्युटर घेऊन सुरुवात केली. गिऱ्हाईक बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतलं, फौंड्रीवाले, मशीनशॉपवाले. हीट नंबर (भट्टीतल्या एका ओतीचा नंबर), कास्टिंगचं वजन, डिस्पॅचचं चलन असलं सॉफ्टवेअर आम्ही करून देतो. आधी बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायचं काम, मीच माझ्या पीसीवर मारायचो, पेन ड्राईव्हवर घालायचो आणि गाडी काढून सुटायचो. पण गिऱ्हाईक वाढलं तसा कुणाकडं कुठलं व्हर्जन हाय ह्याचा मेळच बसंना, मग एका जुन्या विंडोज मशीनवर जेनकिन्स बसवलं, म्हणजे बिल्ड आपोआप मारणारं सॉफ्टवेअर (२०११ पर्यंत ज्याला हडसन म्हणायचे तेच).

पहिला आठवडा नुसत्या एररमध्ये गेला. माझ्या पीसीवर चालणारी कमांड तिथं सापडतच नव्हती. कारण जेनकिन्स सर्व्हिस म्हणून (मागं आपोआप चालणारा प्रोग्राम) विंडोजच्या स्वतःच्या लोकल सिस्टिम अकाउंटखाली चालत होतं, त्याला माझ्या लॉगिनचा पाथ (कमांड कुठल्या फोल्डरात शोधायच्या त्याची यादी) दिसत नाही आणि मॅप केलेला ड्राईव्ह पण दिसत नाही. वेगळा युजर काढून सर्व्हिस त्याच्या नावावर चालवली, पाथ सिस्टिम व्हेरिएबलमध्ये टाकला, रिस्टार्ट केलं, तेव्हा सुटलं.

खरा घाम काढला तो एरर न दाखवणाऱ्या चुकीनं. एका फौंड्रीच्या मालकांचा फोन आला, "साहेब, दुरुस्त केलंय म्हणताय, पण चलनावर वजन तेच चुकीचं येतंय बघा." इकडं जेनकिन्स सक्सेस दाखवतंय. दोन दिवस आम्ही कोडच चाळत बसलो आणि तिकडं त्यांचा क्लार्क हातानं चलन लिहीत होता, ह्याचं मला लई वाईट वाटलं. शेवटी आमच्यातल्या एका पोरानं बॅच फाईलमध्ये (बिल्डच्या कमांड ओळीनं लिहिलेली फाईल) प्रत्येक ओळीनंतर एको, म्हणजे लॉगमध्ये मजकूर छापणारी कमांड, टाकला, तर एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं टूल) ओळीपुढचं काहीच लॉगमध्ये येईना! विंडोजवर एनपीएम ही स्वतःच एक बॅच फाईल, तिच्याआधी 'कॉल' (call) लिहिलं नाही तर कंट्रोल माघारी येतच नाही, पुढची कॉपी होतच नव्हती, पण एक्झिट कोड ०, म्हणजे 'चूक नाही', म्हणून सगळं पास, आणि गिऱ्हाइकाला जुनीच फाईल जात होती.

call ही चार अक्षरं वाढवली. आता बिल्डच्या सुरुवातीला जुना आउटपुट फोल्डर पुसतो, प्रत्येक पायरीनंतर एररलेव्हल (त्या पायरीचा एक्झिट कोड) बघतो, काही चुकलं तर बिल्ड तिथंच थांबतं. बिल्ड नंबर लॉगिन स्क्रीनवर छापलाय, फोन आला की आधी तोच विचारतो आणि मगच कोड उघडतो.