नाकापेक्षा पट्टी जड

फ्रेममधल्या चित्राभोवती पुठ्ठ्याची रुंद पांढरी चौकट असते, तिला माउंट म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. कळल्यापासून मात्र कुणाकडेही गेलो की मी चित्राच्या आधी माउंटचे कोपरे बघतो. अगदी नाक लावून. यजमानांना वाटतं, माणूस रसिक दिसतोय.

हे वेड लागलं धाकट्या बहिणीमुळे. ती जलरंगात चित्रं काढते आणि कागद हाताला येईल त्या मापाचा फाडते. तयार माउंट ठरावीक मापांचे मिळतात, त्यांत तिचं एकही चित्र बसेना. माउंट नुसता शोभेचा असता तर सोडून दिलं असतं, पण तो काच आणि चित्र यांच्यात अंतर राखतो. काच थेट कागदाला टेकली की आत दमट हवा साचते आणि रंग काचेला चिकटतात. म्हटलं, पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडायला असं काय लागतं?

सुरुवात केली घरातल्या, पात्याचे तुकडे मोडत जायच्या कटरने. ही युक्ती जपानमध्ये १९५६ साली योशिओ ओकादा यांनी काढली. फुटकी काच आणि चॉकलेटची वडी यांवरून ती सुचली म्हणतात. शोध झकास आहे, पण माउंटसाठी नाही. माउंटची आतली कड ४५ अंशांत तिरपी कापलेली असते आणि चित्राभोवती जी बारीक पांढरी रेघ दिसते ती या तिरप्या कडेचीच. ते लांब, पातळ पातं तिरपं धरून दाबलं की वाकतं. माझ्या पहिल्या चौकटीची एक बाजू ४५ अंशांत, दुसरी साधारण ६० आणि उरलेल्या दोन्हींनी वाटेत मत बदललेलं.

मग शोधाशोध. एका टोकाला पाटावर बसवलेली, रुळावरून कटर सरकवणारी यंत्रं. सुरेख काम करतात, पण अर्धं टेबल अडवतात. वर्षाकाठी दहा चित्रं लावणाऱ्याने ते घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दुसऱ्या टोकाला हातात मावणारा कटर, ज्यात पातं ४५ अंशांतच घट्ट बसवलेलं असतं. काही ढकलायचे असतात, काही ओढायचे. मी ढकलायचा घेतला, कारण पातं माझ्यापासून लांब जातं. आपल्या हातांवर माझा तेवढाच विश्वास आहे.

कटर आला आणि तरी काप वाकडेच. दोष निघाला पट्टीचा. प्लास्टिकची हलकी पट्टी कटर टेकला की जरा सरकते, आणि एवढ्याशा सरकण्याने रेघ बिघडते. शेवटी पोलादी पट्टी आणली. चांगली रुंद, जड, खाली रबराची चिकटपट्टी लावलेली आणि सगळ्यात लांब कापाहूनही वीतभर जास्त. तिच्यावर तळहात पूर्ण टेकतो. आज कुणी विचारलं तर सांगेन, आधी पट्टी घ्या, मग उरलेल्या पैशांत बसेल तो कटर.

पात्यांच्या बाबतीत मात्र मी कंजूषपणा केला. सगळ्या सामानात ती सगळ्यात स्वस्त, तरी एकच पातं महिनाभर पुरवलं. बोथट पातं पुठ्ठा कापत नाही, कुरतडतं. कडेला कापसासारखी लव सुटते आणि ती पुन्हा बसवता येत नाही. पुठ्ठ्याखाली दुसरा रद्दी पुठ्ठा ठेवायचा हेही उशिरा समजलं. पातं आरपार जाऊन खालच्यावर फक्त ओरखडा उठला पाहिजे.

आणि कोपरे. कापायचं मागच्या बाजूने. पेन्सिलने खिडकी आखायची, चित्राच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूने ३ मिलिमीटर आत. म्हणजे २१० बाय २९७ च्या कागदाला २०४ बाय २९१ ची खिडकी. पुठ्ठा साधारण १.४ मिलिमीटर जाड, आणि काप तिरपा, त्यामुळे पातं पुढच्या बाजूने बाहेर पडतं ते आखलेल्या रेघेच्या तेवढंच पलीकडे. म्हणून प्रत्येक काप रेघेच्या किंचित आधी सुरू करायचा आणि किंचित पुढे संपवायचा. किंचित म्हणजे किती, हे बोटांना कळेपर्यंत निम्मा पुठ्ठा संपतो. कमी पडलं तर मधला तुकडा एका कोपऱ्याला लोंबतो. तेव्हा ओढायचा नाही! सुटं दाढीचं ब्लेड त्याच उतारात अलगद सरकवायचं. मी ओढला होता. समोरचा कागद सोलून निघाला.

पुठ्ठ्यात काटकसर करावी, पण सरावापुरती. ठेवणीतल्या चित्राला आम्लमुक्त बोर्डच हवा. हलक्या पुठ्ठ्याचा गाभा काही वर्षांत पिवळा पडतो आणि ती पांढरी रेघ तपकिरी होते. हळूहळू चित्राच्या कागदालाही डाग धरतो.

चारही कोपरे नीट जुळले की मधला तुकडा आपोआप खाली पडतो. टप्प. हा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी बहिणीला हाक मारली. ती आली, चौकट उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "दादा, तिरपी कड कुठंय?" कटर मी रेघेच्या उलट्या अंगाला धरला होता. सगळा उतार गेला होता पडलेल्या तुकड्याला. चारी बाजूंनी देखणा, निर्दोष, ४५ अंशांत.

तो टेबलावर आहे अजून. त्याच्यावर मी पाण्याचा ग्लास ठेवतो.