मागचा ड्रम गार होता

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. ओतूरहून रात्री साडेदहाला कांदा भरून निघालो. पहाटे कल्याणच्या मार्केटला लागायचं होतं. पिकअपमध्ये ५० किलोच्या ४० गोण्या, शेजारी पुतण्या. मढ गेलं, खुबी फाटा गेला आणि माळशेजचा उतार लागला. पुढे खडीचा डंपर रांगत चाललेला. ओव्हरटेकला जागा नाही, म्हणून मी तिसऱ्या गिअरमध्ये सारखा ब्रेकवर पाय ठेवून त्याच्या मागं मागं उतरत होतो.

आधी वास आला. जळक्या रबरासारखा, थोडा गोडसर. मला वाटलं डंपरचा असेल. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल पायाखाली मऊ लागलं, ओल्या गोणपाटावर पाय द्यावा तसं. दुसऱ्यांदा दाबलं, थोडं धरलं. तिसऱ्यांदा पार तळाला गेलं. पुतण्याला काही बोललो नाही. गिअर दुसऱ्यात टाकला, इंजिन किंचाळलं, पण गाडीला आवळ बसला. मग हँडब्रेक एकेक खटका ओढत गेलो आणि डोंगराकडच्या अंगाला जरा सपाट जागा दिसली तिथं गाडी उभी केली. हात थरथरत होते.

पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. पुतण्या पाण्याचा कॅन घेऊन धावला. मागून येऊन थांबलेल्या एका ट्रकच्या ड्रायव्हरनं त्याला ओरडून अडवलं, "पाणी नको मारू रे, डिस्क तडकंल!" ते खरंच आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी तबकडी. लालबुंद तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते वाकडं होतं नाही तर तडकतं. गाडी तशीच राहू द्यायची, आपोआप निवू द्यायची. त्या माणसाचे आभार नीट मानायचे राहून गेले, म्हणून इथे लिहितो.

वाट बघताना मी चाकांजवळ हात नेऊन पाहिला. पुढच्या चाकाशी वीतभर अंतरावरही हात ठेववत नव्हता. मागच्या चाकांना डिस्क नसते, ड्रम असतो, म्हणजे ब्रेकचा गोल लोखंडी डबा. त्या ड्रमला मात्र मी सरळ तळवा लावला. गार होता. मनात म्हटलं, चला, मागचं तरी शाबूत आहे. सगळा आजार त्या गार ड्रममध्येच होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

तासाभरानं पेडल पुन्हा कडक झालं. उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, मोरोशीत चहा घेतला आणि माल पोचवला. घरी आल्यावर ठरवलं, आता ब्रेकला पैसे घालायचे. दुसरं काही नाही, ब्रेक.

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच मला सुचला: मागचे ड्रम काढून तिथंही डिस्क टाकायच्या. एका ओळखीच्यानं शहरातून किट आणून बसवून देतो म्हणून सांगितलं. दिसायला भारी, भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्क. मी दोन-तीन दिवस त्याच नादात होतो. मग थोडी चौकशी केली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत आपल्या मनानं बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. फिटनेसला अडचण, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला पटलेलं कारण वेगळं आहे. पेडलला जोडलेला मास्टर सिलेंडर किती ऑइल ढकलतो, पुढं किती दाब आणि मागं किती, हँडब्रेकची केबल कशाला ओढते, हे सगळं एकमेकांशी जुळवून बसवलेलं असतं. त्यातला एकच भाग बदलला की उरलेल्यांचा हिशेब चुकतो. मी किटला नाही म्हटलं.

आळेफाट्याकडे एक जुने मिस्त्री आहेत, ब्रेकच्या कामात मुरलेले. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी पुढचं चाक उघडलं, डिस्कवर दाबला जाणारा पॅड बाहेर काढून उजेडात धरला. पॅडचं तोंड काचेसारखं चकाकत होतं. अति तापून पॅडचा घासणारा मसाला भाजला की असा थर चढतो, मग तो डिस्कला धरत नाही, नुसता घसरतो. डिस्कवर निळसर चट्टे. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो मिस्त्रींनी चिंधीनं पुसून मला वाचायला लावला आणि मग व्हर्नियरनं जाडी मोजली. आमची डिस्क त्याच्याही खाली गेलेली.

मग मागचा ड्रम उघडला. ड्रमला आतून घासणारे लायनर दोन वर्षांपूर्वी टाकलेले, ते जवळजवळ तसेच. मी खूष झालो. मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली.

"भाऊ, पुढचे पॅड या दोन वर्षांत किती वेळा बदलले?"

"तीनदा."

"आणि मागं लायनर जसेच्या तसे. मागचा ब्रेक लागतच नाही तुमचा." ते गाडीखाली सरकले आणि खालूनच विचारलं, "पाटा कधी वाढवला?"

पाटा म्हणजे मागचा भार पेलणाऱ्या कमानीतली स्प्रिंगची पट्टी. तो मी दोन वर्षांपूर्वीच वाढवला होता. गाडी पास आहे दीड टनाला, म्हणजे ३० गोण्या. मला ४० भरायच्या असायच्या. माल भरला की गाडी मागं बसायची, म्हणून कमानीत एक जादा पाटा टाकून घेतला. त्यानंतर दोन टन भरूनही गाडी ताठ उभी राहायची आणि मला त्याचं समाधान वाटायचं.

मिस्त्रींनी मला खाली बोलावून दाखवलं. चासीला एक लहानसा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, एलएसपीव्ही म्हणतात त्याला. त्याची एक दांडी मागच्या एक्सलला जोडलेली. माल भरला की चासी खाली बसते, दांडीचा कोन बदलतो आणि व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरलेली आहे. मग तो मागच्या ब्रेकला पूर्ण दाब सोडतो. गाडी रिकामी असली की मागचा दाब कमी ठेवतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. माझ्या जादा पाट्यानं चासी खाली बसूच दिली नाही. दोन टन कांदा भरलेला असायचा आणि व्हॉल्व्हला वाटायचं गाडी रिकामी आहे. बहुतेक सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर.

तो भार केवढा, याचा मी नंतर हिशेब केला. भरलेली गाडी कमीत कमी तीन टन धरली तरी १०० मीटर उंची उतरताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात नऊ लिटरच्या आसपास साधं पाणी उकळीला येईल. दर १०० मीटरला एवढी. त्यातली काही इंजिन आणि वारा खातो, बाकीची ब्रेकला. आणि मी इंजिनला काम करूच देत नव्हतो, तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. ज्या गिअरनं घाट चढतो त्याच गिअरनं उतरायचा, हे वडिलांनी शिकवलेलं. घाईत विसरलो होतो.

पेडल तळाला का गेलं, याचं उत्तर ऑइलच्या डबीत होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, होजच्या, म्हणजे ब्रेकच्या नळीच्या, रबरातूनसुद्धा. ताजं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की ती मर्यादा १४० अंशांवर येते. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ, आणि निवल्यावर पुन्हा कडक. माझं ऑइल गाडी घेतल्यापासून एकदाही बदललेलं नव्हतं. कमी झालं की वरून ओतायचो, एवढंच.

दोन महिन्यांपूर्वीच गाडी फिटनेसला पास झाली होती आणि तिथे ब्रेक चांगलेच लागले होते. कारण उघड आहे, गाडी रिकामी नेली होती. हा दोष रिकाम्या गाडीत दिसतच नाही.

काम दोन दिवस चाललं. मी आणि पुतण्या पूर्ण वेळ तिथंच होतो. पुढच्या दोन्ही डिस्क, पॅड, चारही चाकांचे सिलेंडर आणि कॅलिपरचे रबर किट, तिन्ही रबरी होज, मागचे लायनर. सगळं मूळ कंपनीचं, अधिकृत दुकानातून, पक्क्या बिलासह. ब्रेकच्या सामानात डुप्लिकेट माल फार आहे आणि पाकिटावरून ओळखू येत नाही. लेथवर ड्रम साफ करून घेतले. ड्रमवरही जास्तीत जास्त व्यासाचा आकडा असतो, त्याच्या पुढे टर्निंग करू देऊ नका, आणि दोन्ही बाजूंचे ड्रम सारखेच टर्न करून घ्या. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

काही गोष्टी तिथं बघून शिकलो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक जाम झालेली होती, म्हणून आतला पॅड तिरका झिजलेला. पिनांना साधं ग्रीस लावायचं नाही, त्यानं रबर फुगतं. ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस मिळतं. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं बांधायचा. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशनं काढल्याशिवाय नवी डिस्क बसवली तर ती सरळ बसत नाही आणि पेडलला थरथर येते. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जातं. मिस्त्रींनी ओल्या फडक्यानं पुसून घेतली. शेजारच्या गॅरेजात एक पोरगं हवा मारत होतं, त्यालाही त्यांनी जाऊन दटावलं.

मला सगळ्यात आवडलं ते ब्रेकच्या नळ्यांतली एअर, म्हणजे हवा, काढण्याचं काम. पुस्तिकेत डॉट ४ चालतं असं लिहिलेलं होतं, म्हणून तेच घेतलं. ताजं असताना ते किमान २३० अंश सोसतं, ओलं झाल्यावर १५५. नव्या ऑइलचा डबा आमच्यासमोर फोडला. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. चाकाशी हवा सोडायचा बारीक निपल असतो, त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. पुतण्या पेडलवर, मिस्त्री चाकाशी. "दाब... धरून ठेव... हां, सोड." निपल उघडला की पहिल्यांदा जे आलं ते कोऱ्या चहासारखं काळं होतं, त्यात बारीक गाळ. मग तपकिरी. मग बुडबुडे, एकामागून एक. तोंडात शब्द नाहीत, नुसतं दाब, धर, सोड. बऱ्याच वेळानं नळीतून स्वच्छ पिवळसर धार आली, एकही बुडबुडा नाही. असं चारही चाकांना. वर मास्टर सिलेंडरच्या डबीतलं ऑइल संपू देऊ नये, नाहीतर पुन्हा हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवावं, रंग खातं.

शेवटी जादा पाटा काढला. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, "पाटा राहणार असेल तर बाकीचं काम मी करत नाही." कंपनीच्या मापानं व्हॉल्व्हची दांडी जुळवली. तो पाटा आता आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. खर्च साडेसतरा हजार झाला. त्याहून जड गेलं ते दर खेपेला १० गोण्या कमी भरणं. कांदा निघायच्या दिवसांत त्यापायी दोन-तीन खेपा वाढतात, डिझेल वाढतं, झोप कमी होते. घरी यावर बोलणं झालं. बायको म्हणाली, "त्या रात्री गाडीत पोरगं होतं." पुढे विषय निघाला नाही.

नवे पॅड आणि लायनर बसवल्यावर लगेच घाटात जायचं नसतं. नगर रस्त्यावर पहाटे मोकळ्या पट्ट्यात ५० च्या वेगावरून हळूहळू १०-१५ पर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मध्ये निवू द्यायची, पुन्हा. असं तीस-एक वेळा केलं. पहिल्यांदा ब्रेक जरा कमीच लागतात, घाबरायचं नाही. मसाल्याचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला की पकड येते.

आठवड्यानं पुन्हा कांदा भरला, मोजून ३० गोण्या. गाडी मागं थोडी बसली. पूर्वी ते बघून मला वाईट वाटलं असतं. माळशेजचा बोगदा पार केला, दुसरा गिअर, ब्रेक लागेल तेवढाच मारायचा आणि सोडायचा. पेडल पहिल्या वळणाला जिथं होतं तिथंच शेवटच्या वळणालाही होतं. मोरोशीला उतरलो. पुतण्या आधी पुढच्या चाकाशी गेला, हात जवळ नेला, "गरम आहे, पण तेव्हासारखं नाही." मी मागं गेलो. ड्रमला हात लावायला गेलो आणि पटकन मागे घेतला. चांगलाच तापला होता.