वॉरंटीतला लॅपटॉप आणि बर्डीचं सर्व्हिस सेंटर
मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला नवाकोरा लॅपटॉप. झाकण थोडं मागं नेलं की स्क्रीनवर हिरव्या रेघा, पुढं आणलं की गायब. आज भर उन्हात बर्डीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलानं कोपऱ्यातला केसाएवढा ओरखडा दाखवला. "काका, हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही."

डोकंच सणकलं माझं. पोरगी मात्र शांतपणे म्हणाली, "दादा, एचडीएमआय केबल लावून बाहेरच्या मॉनिटरवर बघा ना." तिथं चित्र स्वच्छ! म्हणजे दोष पॅनलमध्ये, नाहीतर बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्ले केबलमध्ये. ओरखड्याचा काय संबंध? फार अभिमान वाटला तिचा.

जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, त्यानं नुसतं 'डिस्प्ले इश्यू' लिहिलं होतं. 'झाकण हलवल्यावर रेघा येतात, बाहेरच्या मॉनिटरवर येत नाहीत' असं लिहायला लावलं, सिरियल नंबर ताडून पाहिला, मगच सही केली. तोंडी आश्वासनावर वस्तू सोडून येऊ नका रे बाबांनो. आणि नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते; वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही.

पार्ट आला की फोन करतो म्हणालेत. पोरीचं सबमिशन तोंडावर आहे. कोणाकडे जुना, चालू लॅपटॉप पडून असेल तर सांगा, येऊन घेऊन जातो.