यलो हाऊस

इंग्लंडात रेडिंगला ताईकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी शाळेतून आलेला सात वर्षांचा भाचा दारातूनच ओरडला, "मावशी, एल्मला दोन हाऊस पॉइंट! मी दिले!" एल्म हे त्याचं हाऊस, म्हणजे शाळेतल्या मुलांचे जे चार गट पाडतात त्यातला एक. दिले म्हणजे मिळवून दिले. कशाबद्दल, तर वर्गातल्या खुर्च्या नीट लावल्याबद्दल. घरी हा स्वतःची ताटली उचलत नाही.

बातमी लगेच व्हिडिओ कॉलवरून मिरजेला पोचली. आई म्हणाली, "एल्म हाऊस? म्हणजे तिथंच राहायला ठेवतात की काय पोराला?"

"नाही गं. राहायचं नसतं. नुसतं हाऊस असतं."

"राहायचं नाही तर घर कसलं?"

मुद्दा बिनतोड होता. आम्ही दोघी बहिणी शाळेत यलो हाऊसच्या होतो तेव्हा मात्र तिनं हे विचारलं नव्हतं. हाऊस म्हणजे बुधवारी इस्त्री करायचा पिवळा टी-शर्ट, एवढाच अर्थ तिनं लावला असावा. तो चुकीचाही नव्हता.

मूळचं हाऊस मात्र खरोखरीचं घर होतं, चुलीसकट. ते बघायला त्या रविवारी आम्ही विंडसरला गेलो. किल्ल्याकडे पाठ करून थेम्सवरचा पूल ओलांडला की ईटन लागतं. राजा सहाव्या हेन्रीनं १४४० साली इथं शाळा काढली, ती सत्तर गरीब विद्यार्थ्यांसाठी. त्यांची राहायची सोय शाळेतच, तिला म्हणायचं कॉलेज. पण शाळेचं नाव झालं तशी पैसेवाल्यांची मुलंही येऊ लागली, आणि ती गावात बायकांच्या घरी राहू लागली. गावात राहणारे म्हणून लॅटिनवरून त्यांचं नाव पडलं ऑपिडन. घरमालकिणी त्या डेम. आपल्याकडे पुण्यात शिकायला आलेली मुलं खोली घेऊन खाणावळ लावायची, तसाच हा मामला. पुढे घरं मास्तरांच्या ताब्यात गेली. तिकडे रग्बी गावच्या शाळेत १८२८ साली मुख्याध्यापक झालेल्या टॉमस आर्नल्डनं तर डेमबाईंची घरं बंदच केली आणि मुलं मास्तरांच्या हवाली केली. बाईच्या हातचं जेवण जाऊन मास्तरांची नजर आली, यात मुलांचा फायदा किती हे मुलांनाच ठाऊक. ईटनमध्ये डेम हे पद अजून आहे. प्रत्येक हाऊसचं घरकाम आणि आजारपण तीच बघते. आणि हाऊसला तिथं स्वतःचं नाव असलं तरी बोलताना ते ओळखतात सध्याच्या हाऊसमास्तरांच्या आद्याक्षरांनी. मास्तर बदलले की घराचं नाव बदललं. जोशांचा वाडा कुलकर्ण्यांनी विकत घेतला तरी गावात तो जोशांचाच राहतो. आपली पद्धत मला बरी वाटते.

ते सत्तर कॉलेजवाले आणि हे हजारावर ऑपिडन यांच्यात दर वर्षी एक सामना होतो. एका लांब भिंतीला चिकटून, चिखलात, एकमेकांच्या अंगावर रेलून चेंडू पुढे सरकवायचा. या वार्षिक सामन्यातला शेवटचा गोल झाला १९०९ साली. तरी खेळतात. ते वाचल्यावर मला आमचं यलो हाऊस एकदम जवळचं वाटू लागलं.

कारण आम्हीही तसेच. पहिलीत रोल नंबर पाहून मला मिळालेलं हाऊस ब्लू. जिवलग मैत्रीण ब्लूमध्ये, मी खूश. दुसऱ्याच दिवशी बाईंच्या लक्षात आलं की माझी मोठी बहीण यलोत आहे. सख्खी भावंडं एकाच हाऊसमध्ये, असा नियम. झाले पिवळी. राहायला जागा नाही, स्वयंपाकघर नाही, डेम नाही. व्हरांड्यातल्या फळ्यावर चार रंगांचे चार रकाने, तेवढीच आमची मालमत्ता. पण वाढलेल्या नखांपायी माझ्यामुळे यलोचा एक पॉइंट कापला गेला, तेव्हा दहावीतली हाऊस कॅप्टन माझ्याकडे जे बघत राहिली, तसं आमच्या घरात मला कधी कुणी बघितलं नव्हतं. रात्री जेवण गेलं नाही. खेळाच्या दिवशी कॅनव्हासच्या बुटांना खडू फासून आम्ही 'यलो, यलो' असे घसे फोडायचो, आणि समोर ब्लूमध्ये माझी मैत्रीण तेवढ्याच जोरानं माझ्या विरुद्ध ओरडायची. मधल्या सुट्टीत डबा एकत्रच.

आईला हे सगळं पटवण्याचा मी फोनवर पुन्हा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मग घराणं म्हण की." मिरजेची बाई, ती घराण्यावरच येणार. पण विचार करत राहिले आणि वाटलं, तिनं बरोबर धरलं. गाण्यातल्या किराणा घराण्याचं किराणा हे उत्तर प्रदेशातलं गाव, कैराना. त्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब राहिले मिरजेत, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात, आणि घराणं वाढलं ते मिरज, धारवाड, पुण्याकडे. त्या घराण्यातल्या किती गवयांनी कैराना पाहिलं असेल? तरी 'आमच्या किराण्यात असं गात नाहीत' म्हणताना आवाजाला जी धार येते, ती भाच्याच्या 'एल्ममध्ये असं करत नाहीत'मध्येही आहे. फरक एवढाच, की घराण्यात रोल नंबर पाहून घेत नाहीत.

एल्मवरून आठवलं. त्याच्या शाळेतली चारही हाऊस झाडांच्या नावांची. म्हटलं, चल, तुझं झाड दाखव. ताईचा नवरा हसला. १९७०च्या दशकात एक बुरशीचा रोग आला आणि इंग्लंडातले मोठे एल्म जवळजवळ सगळे गेले. ओक चिक्कार दाखवता येतील, म्हणाला. भाच्याला त्याचं काही नव्हतं. खेळांचा दिवस जवळ आला होता आणि घरच्यांनी हाऊसच्या रंगाचं काहीतरी घालून यायचं होतं.

"एल्मचा रंग कुठला रे?"

"यलो."

ताईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. "आम्ही दोघी यलोच!" ती म्हणाली.

"खरंच? मग तुम्ही जिंकलात?"

"मार्च पास्टमध्ये एकदा दुसरा नंबर आला होता," ताई.

"तिसरा," मी म्हटलं.

त्यानं बोटं मोजली. "हाऊस किती होती?"

"चार," ताई म्हणाली आणि पिवळी ओढणी शोधायला आत गेली.